खारातला तुकडा

बरणीचं झाकण उघडलं आणि खाऱ्या बांगड्याचा वास आला. माझ्या प्रयोगशाळेत एरवी फॉर्मालिनचा वास असतो, डोळ्यांतून पाणी काढणारा. त्या दुपारी बरणीत पाणी नव्हतंच. जाड्या मिठात बोटाच्या पेराएवढा मांसाचा तुकडा रुतून बसला होता.

समोर मालवणकडचा एक मच्छीमार उभा होता. तुकडा त्याच्या मुलीच्या खालच्या जबड्यातला. दातांच्या डॉक्टरांनी तो गाठीतून काढला, फॉर्मालिनमध्ये बुडवला आणि "तपासायला कुडाळच्या लॅबमध्ये नेऊन द्या" म्हणून बापाच्या हातात दिला. आमच्याकडे असंच चालतं. माणसाचा तुकडा एसटीने येतो, बहुतेक वेळा कुणाच्या तरी मांडीवर बसून.

"त्या पाण्याचो वास गाडीभर झालो," तो म्हणाला. "कंडक्टर म्हणालो, फेकून दे नायतर खाली उतर. मगे पाणी वतलंय आणि स्टँडार मीठ घेतलंय. मिठात मासो वरसभर ऱ्हवता, मॅडम."

मी चिडले. मांस टिकवणं वेगळं आणि पेशी टिकवणं वेगळं, हे मी त्याला जरा चढ्या आवाजातच सुनावलं. त्याने ऐकून घेतलं. मग बरणीकडे बघत विचारलं, "चेडवाचो जबडो कापूचो लागतलो काय?"

प्रश्न नेमका तोच होता. गाठ कर्करोगाची नव्हती, एवढं एक्सरे बघून डॉक्टरांना जवळजवळ खात्रीने वाटत होतं. पण साध्या गाठींमध्येही दोन जाती समोर होत्या. एक हट्टी, हाड पोखरत जाणारी. ती असली तर जबड्याचा अर्धा भाग कानापासून काढावा लागतो. दुसरी फार क्वचित दिसणारी. ती खरवडून काढली की बहुतेक वेळा भागतं. ही मुलगी संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारायची. गाठ दिसू लागल्यापासून तोंडावर ओढणी धरून घरात बसली होती, आणि पुन्हा तुकडा काढू द्यायला साफ नाही म्हणत होती.

मी मीठ धुतलं, तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला आणि पुढचे सोपस्कार करून मेणात बसवला. पातळ काप काढून रंगवले आणि दोन दिवसांनी भर दुपारी, आमच्याकडे शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत अशा वेळी, मायक्रोस्कोपला डोळा लावला.

आत कुणीच नव्हतं.

पेशींच्या भिंती होत्या, ओळी होत्या, सगळं जागच्या जागी. फक्त मधला निळा ठिपका, ज्याला आम्ही पेशीचा जीव समजतो, तो नव्हता. त्याच्या जागी पांढरं भोक. मी काच सरकवत गेले, तर घरामागून घर तसंच रिकामं. पंखा चालू असून खोली गप्प झाल्यासारखी वाटली. मी मान वर करून मागे बघितलं. का बघितलं ते आजही सांगता येणार नाही.

आमच्या पुस्तकांत अशा पेशींना भूतपेशी म्हणतात, अगदी गंभीरपणे. त्या दुसऱ्या जातीची, मुलीला सोडून देणाऱ्या गाठीची ती खूण. पण मिठानेही पेशी मरतात, फिकट होतात. ही भुतं गाठीची की स्टँडवरच्या मिठाची? गाठीची असली तर जबडा वाचला. मिठाची असली तर माझ्या चुकीच्या शब्दावर गाठ आत राहणार होती आणि हाड खात बसणार होती. मला भीती वाटली, आणि ती भुताची नव्हती.

मीठ बाहेरून आत शिरतं, हे तर मासे खारवणारा कुणीही सांगेल. तेव्हा तुकड्याच्या पोटातच बघायला हवं होतं. मी मेणाचा ठोकळा पुन्हा यंत्रावर चढवला आणि वरचे काप टाकून देत खोल गेले. मधल्या कापात पेशी ठसठशीत निळ्या दिसल्या, ताज्या, मिठाचा स्पर्श नसलेल्या. आणि त्यांच्या मधोमध, घोळका करून, त्याच रिकाम्या उभ्या होत्या. काहींच्या आत चुन्याचे कण साठले होते. इथे मीठ पोचलंच नव्हतं. या आधीपासूनच अशा होत्या, तिच्या जबड्यात, ती लिलाव पुकारत होती तेव्हाही.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले, आणि त्या शांत खोलीत माझं हसू मलाच बरं वाटलं नाही.

गाठ खरवडून काढली. जबडा राहिला. काही महिन्यांनी ती मुलगी बापाबरोबर आली. ओढणी खांद्यावर होती. बापाने पिशवीतून सुंगटं दिली, बर्फातली ताजी कोळंबी, आणि "ह्यांका मीठ नाय लावलंय" असं वर सांगितलंही. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "माका बघूचा आसा. माझ्यात काय होता ता."

मी काच लावली. भूत हा शब्द मी दोघांपुढे कधी काढला नव्हता, तेव्हाही काढला नाही. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. एक हात आपोआप जबड्यावर गेला होता.

"ही रिकामी घरा कसली?"

"मेलेल्या पेशी आहेत. तुझ्याच."

"ती मेली तेवा माका तर कायच कळला नाय." तिने डोळा काढला नाही. "मेली, मगे अजून उभी कित्याक रवलीत?"

मेलेल्या पेशीला उभं धरणाऱ्या केरॅटिनबद्दल सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिने विचारलं होतं ते त्यात नव्हतं. ती उठली, बापाला म्हणाली, "चल, लिलावाक उशीर होतलो," आणि दोघं एसटी गाठायला निघून गेली.

मेणाचा तो ठोकळा नियमाप्रमाणे माझ्या कपाटात आहे. तिथे त्या अजून उभ्या आहेत.