असेल कुणी अमीला

मन्तूरा बाराव्या वर्षी डोंगराखालच्या रेशमाच्या कारखान्यात गेली. उकळत्या पाण्यातल्या कोशातून धाग्याचं टोक कसं धरायचं, हे तिला शेजारी काम करणाऱ्या जहियानं शिकवलं. बोटं भाजायची, कातडी सोलायची. वाऱ्यानं धागा तुटतो म्हणून खिडक्या बंद, आत नुसती वाफ आणि मेलेल्या किड्यांचा वास. मन्तूराला घेरी आली की जहिया तिचंही काम उरकायची, मुकादमाला पत्ता लागू द्यायची नाही. अशी सात वर्षं गेली.

गावात या मुलींना अमीला म्हणत. अर्थ नुसता कामकरीण, पण बाया तो शब्द नाक मुरडूनच उच्चारत. परक्या पुरुषांच्या हाताखाली राबणारी, तिचं काय सांगावं! त्याच बायांच्या चुली लेकींच्या पगारावर पेटत, ते मात्र कुणी बोलायचं नाही.

म्हणून पलीकडच्या गावाहून उम्म नसीब, म्हणजे नसीबची आई, आपल्या मुलासाठी मन्तूराला बघायला आल्या, तेव्हा आईनं ठोकून दिलं, "पोरगी उंबरा ओलांडत नाही हो. भरतकाम करते घरात." वास जावा म्हणून लिंबानं घासलेले हात मन्तूरानं ओढणीत लपवले.

तेवढ्यात दारात जहिया. धापा टाकत, ओल्या झग्यानिशी, अंगाला तोच वास. "अगं, मुकादम तुला..."

"कोण गं ही?" उम्म नसीबनी नाकाला रुमाल लावला.

"असेल कुणी अमीला," मन्तूरा म्हणाली. "पाणी मागायला आली असेल, मावशी."

जहियानं कॉफीचे पेले पाहिले, नवी ओढणी पाहिली. "हो, पाणीच हवं होतं."

"मग दे की," उम्म नसीब म्हणाल्या. "देवाच्या नावानं आलीय."

आपल्या माणसाच्या हातात सुरई देतात. उम्म नसीब बघत होत्या, म्हणून मन्तूरानं ती स्वतःच्या हातात ठेवून वरूनच पाणी ओतलं. सोललेल्या बोटांची ओंजळ धरून जहिया प्यायली. मन्तूराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'ही माझी मैत्रीण' एवढंच म्हणायचं होतं, पण ती नुसतं पाणी ओतत राहिली.

"देव तुमचं भलं करो, बाई," जहिया म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. सात वर्षांत तिनं मन्तूराला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं.

"मनाची मोठी आहे हो पोरगी!" उम्म नसीब खूश झाल्या. "ठरलं म्हणून समजा."

मन्तूराला मान वर करवेना. सगळ्यांना वाटलं, नवरी लाजली.