पुनवेचा कार्यक्रम

बोईसरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला गाण्याचा कार्यक्रम ठेवण्याचं खूळ माझं होतं. त्यासाठी मारलेली थापही माझीच. टोमणे मात्र वर्षभर खाल्ले माझ्या पाळीतल्या जोडीदाराने. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्याविषयी बोलायला लागलं की हसू येतं आणि त्या हसण्यात माझी चूक झाकली जाते. बोईसरच्या कारखान्यात आम्ही दोघं बारा वर्षं एकाच बॉयलरवर आहोत. तो दांडीचा कोळी, मी सांगलीकडचा. जाहिरात करण्यासाठीच जन्माला आलेला असा माणूस या अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा नाही, हे मी शपथेवर सांगतो.

त्याची थोरली वहिनी लग्नात हळदीची गाणी गाते. तिचा आवाज ऐकला की पंगतीतली माणसं घास हातातच धरून बसतात. तिला जगापुढे आणायचं असं त्याने एका सकाळी ठरवलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या कँटीनला कळवूनही टाकलं. मला थोडंफार संगणकाचं येतं म्हणून इंटरनेटवर वहिनीच्या नावाचं पान उघडणं, पोस्टर करणं माझ्याकडे आलं. बाकी सगळं त्याचं. मोबाईल वल्ह्याला बांधून तो वहिनीचं शूटिंग करायचा. ती मासळी निवडताना गुणगुणली तरी हा हजर. एकदा वल्हं कललं आणि मांजराने बोंबील पळवला तेवढंच चित्रित झालं, तर म्हणाला, "ठेव, ठेव! मागं आवाज वहिनीचाच हाय." कँटीनमध्ये तो दुसऱ्याच्या हातातला फोन घेऊन स्वतःच्या अंगठ्याने 'फॉलो' दाबायचा. बिहारचा वेल्डर ओरडला, "अरे, मेरा फोन!" तर हा म्हणे, "तेरा ही है भाई, बस भाभी का गाना डाल दिया." सकाळच्या सुरक्षा-सभेत हेल्मेटचं महत्त्व सांगता सांगता त्याने कार्यक्रमाचं निमंत्रण दिलं. पोस्टरं त्याने मासळीच्या बर्फाच्या पेट्यांवर चिकटवली. ती बाजारात पोचली आणि कुठल्याशा अनोळखी गिऱ्हाइकाचा फोन आला, "बाई गातात त्या पापलेटही देतात का?"

वहिनी एवढंच म्हणाली होती, "एकदाच उभी राहीन. माणसं नाय आली, तर परत गानं नाय न् तुमचा तो मोबाईल नाय."

त्याने तारीख दिली अष्टमीची. पण माझ्या डोक्यात पोस्टर होतं: पूर्ण चंद्र, खाली समुद्र, मध्ये वहिनी. मी म्हटलं, "साऊंडवाला अष्टमीला मोकळा नाही, फक्त पौर्णिमेला आहे." मी साऊंडवाल्याला विचारलंच नव्हतं. तो जरा घुटमळला, म्हणाला, "पुनव? बघ सांगलीकर..." आणि मग मी केलेल्या पोस्टरात वहिनीचं नाव चंद्राशेजारी पाहून स्वतःच हरखला.

बारा वर्षं इथं राहूनही मला कळलं नव्हतं की पुनवेच्या आसपास पाण्याला ओढ असते, तेव्हाच वाहत्या पाण्यात रोवायची डोल जाळी लागतात आणि गावातली झाडून सगळी पुरुषमंडळी होड्यांवर असतात. अष्टमीला पाणी मंद होतं, तेव्हा ती घरी येतात. कार्यक्रमाच्या संध्याकाळी सूर्य कलला, चंद्र आला, पोस्टरातल्यासारखाच गोल. आणि खुर्च्यांवर होत्या चार म्हाताऱ्या, आमच्या पाळीतले सातआठ जण आणि तो वेल्डर. वहिनी पदर खोचून उभी. "भावजी, या खुर्च्यांला गाऊ का?"

मी तोंड उघडणार इतक्यात तो पुढे झाला. "वहिनी, तारीख मीच चुकवली." मी तोंड मिटलं.

पण हा गप्प बसणारा प्राणी नव्हेच. त्याने वल्हं वाळूत रोवलं, मोबाईल बांधला, पानावर थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि दुसऱ्या फोनवरून होडीहोडीला फोन लावत सुटला, "अरे बघा, बघा! वहिनी उभी हाय!" किनाऱ्यापासून थोडं आतपर्यंत रेंज मिळते. पडद्यावर एक बदाम उमटला, मग दहा, मग मोजताच येईनात. शेवटी भावाचा, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याचा, फोन आला. माझ्या जोडीदाराने तो स्पीकरला लावला. लाटांच्या आवाजातून शब्द आले, "गा गो! आमी जाली सोरून ऐकतोय." वहिनी लाजली, हसली आणि जी गायली, की वेल्डरसुद्धा खुर्चीवर चढून नाचला.

कार्यक्रम गाजला, पण जेटीवर त्याला नवं नाव मिळालं: पुनववाला. "कोल्याचा पोर आनि पुनवेला खुर्च्या मांडतो!" तो हसायचा. मला जेवण जाईना. वर्षाने, दुसऱ्या कार्यक्रमाची तयारी चालली असताना, बॉयलरपाशी मी त्याला सगळं सांगितलं.

"मला ठाऊक हाय. साऊंडवाला माझा मावसभाऊ. कार्यक्रमाच्या दिवशीच बोलला, त्याला कोनी इचारलंच नव्हतं."

"मग गप्प का राहिलास?"

"वहिनीने तुला हाकलला असता. पानाचा पासवर्ड तुझ्याकडं," तो म्हणाला आणि खालच्या आवाजात पुढे, "आनि तू चंद्र चांगला काढलावतास रे."

दुसरा कार्यक्रम अष्टमीला झाला. खुर्च्या कमी पडल्या, लोक होड्यांच्या काठांवर बसले. वहिनी गायच्या आधी मी माईक मागून घेतला. समोर तो वल्ह्याला मोबाईल बांधत वाकला होता. मी म्हणालो, "मागच्या वर्षी पुनवेची तारीख यानं चुकवली नव्हती. खोटं बोलून ती मी ठरवली होती. वहिनी, तुमची माफी मागतो. आणि तुझी, गड्या, त्याहून जास्त."