व्यवस्थापकालाही दिसू नये

उल्हास परब आमच्या इस्पितळात रुजू झाले त्या सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि स्वतःचं नाव न सांगता मलाच गाव विचारू लागले. मये, मी म्हटलं. गावची देवी कुठली, तेही सांगितलं. त्यांनी माझा कीबोर्ड ओढून घेतला आणि देवीचं नाव टाईप केलं. संगणक उघडला नाही. "म्हायार खंय?" मी पेडण्यातलं माहेर सांगितलं. त्यांनी 'सातेरी' टाईप केलं, पुढे एक-दोन-तीन. उघडला.

"बघ बाय, बायल सासराक येता, पासवर्ड मात म्हायारातच रवता," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी आमचा जवळजवळ सगळा नोंदणी विभाग असाच उघडून दाखवला होता. पेडणे-डिचोलीकडच्या माणसाला गाव विचारलं की देवी कळते, आणि देवी कळली की पासवर्ड. चिडायला हवं होतं, पण सगळे हसत होते. ते स्वतः हसत नव्हते.

उल्हासबाब इब्रामपूरचे. रोज पेडण्याहून बस बदलून म्हापशाला येत. सडपातळ, शर्ट बाहेर सोडलेला, पायात चामड्याच्या चपला. त्यांच्या हाती इस्पितळाचा डेटाबेस सर्व्हर होता. प्रत्येक रुग्णाचं नाव, तपासण्या, औषधं ज्या एका मशीनमध्ये तक्त्यांनी मांडून ठेवलेली असतात, ते सांभाळणारा हा माणूस. मशीन बंद पडलं तरच अशा माणसाची आठवण होते. एरवी त्याला नेमकं काय काम असतं हे कुणालाच माहीत नसतं, आणि विचारायचीही कुणाला गरज वाटत नाही.

मी नोंदणी विभागाची प्रमुख, त्यामुळे माझी त्यांच्याशी रोज गाठ पडे. एकदा एक अहवाल काढायला सकाळ जाऊ लागली, तेव्हा मी नवं मशीन मागणारं पत्र लिहिलं. ते त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि मी मशीनला काय विचारते आहे ते आधी पाहिलं. एका नावासाठी मी साऱ्या रुग्णांचा शोध घ्यायला लावत होते. "नुस्तां घेवक जातंस तेवा पोदेराच्या दारापासून इचारीत जातंस काय?" मासळी घ्यायला निघालेलं माणूस पाववाल्याच्या दारात चौकशी करत नाही, हे मला पटलं. त्यांनी नावांची सूची बांधून दिली. अहवाल मी चहा संपवायच्या आत येऊ लागला. पत्र माझ्या टेबलाच्या खणात गेलं.

बॅकअपच्या बाबतीत त्यांचा एकच हट्ट होता. "बॅकअप घेतलो म्हणून सांगू नको. परत हाडून दाखय." म्हणून दर शुक्रवारी, निम्मा स्टाफ काहीतरी निमित्त काढून म्हापशाच्या आठवडी बाजारात गेलेला असताना, ते बॅकअपमधला सगळा साठा एका जुन्या मशीनवर परत उभा करत आणि एक नोंद उघडून बघत. ती नोंद नेहमी त्यांची स्वतःची असे. त्यासाठी त्यांनी इस्पितळात रुग्ण म्हणून नाव घातलं होतं आणि अधूनमधून रक्त तपासून घेत. कुणाचीही नोंद उघडली तरी काम झालं असतं, असं मी एकदा म्हटलं. दुसऱ्याचं दुखणं आपण कशाला वाचायचं, असं त्यांनी मलाच विचारलं.

मग ती डिचोलीकडची मुलगी आली. लग्न ठरलेलं, खोकला जाईना म्हणून तपासायला आली होती. क्षयरोग निघाला. तो औषधाने बरा होतो. पण डॉक्टरांनी तिला सांगण्यापूर्वीच बातमी तिच्या गावात पोचली. नोंदणीच्या खिडकीवरच्या एका कारकुनाने दुसऱ्याच्या पासवर्डने अहवाल उघडला होता आणि घरी जेवताना बोलून टाकला होता. लग्न मोडलं. इस्पितळात पुन्हा दिसलो तर लोक बोलतील, या भीतीने ती मुलगी औषधं घ्यायला आलीच नाही. पावसाळा संपायच्या आत ती गेली.

कारकुनाला काढलं. सगळ्यांना प्रकरण मिटल्यासारखं वाटलं. उल्हासबाबांना वाटलं नाही. त्यांनी सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले, कोण काय उघडतं याची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि एक दिवस मला म्हणाले की खरा धोका खिडकीवर नाही, त्यांच्या खुर्चीवर आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळं दिसतं. तो चांगला असेल यावर इस्पितळ चालतं. उद्या या खुर्चीवर कोण बसेल?

सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत त्यावर उपाय होता. ठरावीक रकाने, म्हणजे रोगाचं निदान आणि अहवाल, कुलूपबंद करता येत. किल्ली सर्व्हरवर राहतच नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मशीनवर ते वाचता येतात; सर्व्हर सांभाळणाऱ्याला नुसती अर्थ नसलेली अक्षरं दिसतात. सर्व्हरच्या व्यवस्थापकालाही, म्हणजे त्यांना स्वतःलाही, दिसू नये, हेच त्यांना हवं होतं. आमची आवृत्ती जुनी होती, तिला बनवणाऱ्या कंपनीने दुरुस्त्या देणंही बंद केलं होतं. त्यांनी वर विनंती केली. चालू मशीनला हात कशाला लावायचा, असं उत्तर आलं. त्यांनी पुन्हा विनंती केली. पुन्हा तेच. वर्षं गेली. मला तर वाटलं, त्यांनी नाद सोडला.

एका शुक्रवारी मी काही कामासाठी त्यांच्या खोलीत गेले. जुन्या मशीनवर त्यांची नोंद उघडलेली होती आणि त्यांचे हात मांडीवर होते. दार ओढून घे, म्हणाले. पोटात दुखतं म्हणून त्यांनी दुर्बिणीने तपासून घेतलं होतं. पित्त असेल, अशी सगळ्यांची समजूत. पोटातला काढलेला तुकडा तपासून आल्याचा अहवाल समोर होता. मी तो वाचला. वाचू नये असं त्यांनीच शिकवलं होतं, पण त्यांनीच पडदा माझ्याकडे वळवला होता.

"डॉक्टराक सोमारी कळतलां," ते म्हणाले. "माका आज कळलां. हेच तर मी सांगत होतंय."

सोमवारी ते तोच अहवाल घेऊन संचालकांकडे गेले आणि हे आपल्याला डॉक्टरांच्या आधी कळलं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तुमचा अहवाल उद्या कोणाला आधी कळेल, असंही विचारलं. संचालक स्वतः डॉक्टर आहेत. त्यांनी त्याच बैठकीत मंजुरी दिली. नव्या आवृत्तीसाठी चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, दिवस ठरला, कारण त्या दिवशी गोव्यात अपघात सोडला तर कुणी इस्पितळाची पायरी चढत नाही. मला त्यांनी एकच गोष्ट बजावली: वहिनीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळता कामा नये. चवथ होऊ दे, मग ते स्वतः सांगतील.

चवथीला दुपारी मी मयेहून नवऱ्याची कटकट ऐकून निघाले. उल्हासबाब आधीच येऊन बसले होते. घरात सर्वांत मोठे ते, गणपतीची पूजा दरवर्षी त्यांनीच करायची. त्या वर्षी धाकट्या भावाला पूजेच्या पाटावर बसवून आलो, असं ते म्हणाले, जसं एखाद्याने छत्री विसरलो म्हणावं. आम्ही बॅकअप घेतला, तो परत उभा करून पाहिला आणि मगच जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर आलो. रकाने बंद केले. किल्लीची एकेक प्रत संचालक आणि वैद्यकीय अधीक्षक यांच्याकडे गेली. ती दोन्हीकडून हरवली तर हे कुणालाच कधी वाचता येणार नाही, हे उल्हासबाबांनी माझ्याकडून म्हणवून घेतलं. शेवटी स्वतःची नोंद उघडली. नाव होतं, गाव होतं, वय होतं. पुढे नुसती अक्षरं. आरतीला पोचायचं म्हणून ते उठले.

त्यांनी वहिनीला सांगितलं नाही. अनंत चतुर्दशी गेली, दसरा गेला. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही, दिसायलाच लागलं. तुळशीच्या लग्नाआधी ते गेले.

महिन्याभराने वहिनी माझ्याकडे आल्या. शेवटच्या दिवसांत उल्हासबाबांनीच मला काम शिकवलं होतं; आता त्यांची खुर्ची माझ्याकडे आली होती. जावा म्हणतात की नवऱ्याकडे लक्ष दिलं असतंस तर वेळेवर कळलं असतं, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. त्यांना तारीख हवी होती. उल्हासबाबांना कधी कळलं, ती.

मी त्यांच्या समोर उल्हासबाबांची नोंद उघडली. वहिनींनी ती अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे पाहिलं. मला तारीख माहीत होती. ती मी सांगितली नाही. या खुर्चीवरून मला काही दिसत नाही, एवढंच सांगितलं. अर्ज दिलात तर डॉक्टर उघडून देतील, असंही म्हटलं. अर्जाचा कागद पुढे केला.

त्यांनी तो परत सरकवला.

"पाट धाकल्याक दिल्यानी, तेवाच माका कळलां," त्या म्हणाल्या. "मी इचारूक नाय. ते आपणान सांगतले, म्हणून रवलंय." मग उठता उठता, "माका कळलेलां, तां तेंका कळलेलां काय गो बाय?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ते खरंच माहीत नव्हतं.