कुसळाच्या उतारावरचे काकाजी

उभ्या वर्धा जिल्ह्यात बर्फ दिसतो तो एक तर रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेला, नाही तर मासळी बाजारात. आणि तरीही याच जिल्ह्यात एक माणूस असा आहे, ज्याने मुलांना बर्फावरून घसरायला शिकवण्याखेरीज आयुष्यात दुसरं काही मनापासून केलेलं नाही. हा माणूस माझ्या वाट्याला सासरकडून आला. माझ्या बायकोचे हे थोरले काका. घरचे, दारचे, एसटीचे कंडक्टरसुद्धा त्यांना काकाजीच म्हणतात. पवनारच्या पुढे, धाम नदीच्या अंगाला त्यांचं गाव. विशीत फौजेत गेले. तिथे कुणीतरी त्यांच्या पायांना लांबलचक पट्ट्या बांधून हिमाचलातल्या एका उतारावरून त्यांना सोडून दिलं, आणि त्या दिवसापासून काकाजी मनाने सपाट जमिनीवर कधी आलेच नाहीत. फौज सुटल्यावर तिथल्याच एका डोंगरी गावात राहून वीस-बावीस हिवाळे त्यांनी लहान मुलांना स्कीइंग शिकवलं. लग्न राहून गेलं. "पोरी पाहाचा मोसम आन् बरफाचा मोसम एकच पडे," एवढंच कारण ते सांगतात.

माणसाची पारख ते गुडघ्यांवरून करतात. माझ्या लग्नात सप्तपदी चालू असताना ते मागून माझ्या कानाशी आले. मला वाटलं, आशीर्वाद देताहेत. तर म्हणाले, "जवाई, गुडघे जरासे वाकवा. ताठ माणूस लवकर पडते." एसटीत जागा असली तरी ते बसत नाहीत आणि दांडीही धरत नाहीत, आर्वीपर्यंत प्रत्येक वळणाला अंग झुकवत, डोळे अर्धे मिटून उभे राहतात. एकदा ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तेव्हा ते थेट केबिनपर्यंत गेले आणि तिथून खुशीत ओरडले, "वजन मागं ठेवाचं राह्यलं!" मे महिन्यात आम्ही सगळे कूलरपुढे पालथे पडलेलो असलो की यांना बर्फाचे प्रकार आठवतात. पिठासारखा बर्फ, साखरेसारखा बर्फ, साबुदाण्यासारखा बर्फ. ऐकून गार वाटायच्या ऐवजी आम्हाला भूक लागते.

म्हातारी आई एकटी पडली म्हणून ते गावी परतले. आई गेल्यावर पुन्हा डोंगरात जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तोवर त्यांना गावामागची टेकडी सापडली होती. दिवाळीनंतर तिथलं कुसळाचं गवत वाळतं आणि इतकं निसरडं होतं की बकऱ्यासुद्धा जपून चालतात. काकाजींनी बुरडाकडून बांबूच्या पट्ट्या करून घेतल्या, पुढची टोकं विस्तवावर वाकवली, खालून मेणबत्ती घासली आणि गावातली पंधरा पोरं गोळा करून त्यांच्या हातांत तोल सांभाळायला काठ्या दिल्या. पहिले आठ दिवस नुसतं पडायला शिकवलं. डावीकडे पडा, उजवीकडे पडा, हसत पडा. शेताकडे निघालेली एक आजी हे पाहून थांबली.

"काऊन हो काकाजी, पडाले बी शिकवणी लागते का?"

"पडाले नाई लागत, आजी, उठाले लागते. आन् उठाचं असन त पहिले पडा लागते ना!"

संध्याकाळी घरोघरच्या आया पोरांच्या चड्ड्यांमधली कुसळं वेचत काकाजींचा उद्धार करायच्या. त्यांत अंगणवाडीच्या बाई सर्वांत पुढे, कारण त्यांची प्राची टेकडीवरची सगळ्यांत भित्री पोरगी होती. पहिला हिवाळाभर ती वरून खाली बसूनच आली. काकाजी तिला कधी रागावले नाहीत. "बुडानं आली तरी खाली आली ना," म्हणायचे. दुसऱ्या हिवाळ्यात ती उभी राहिली, आणि मग कुणाला सापडेना.

मग काकाजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता त्याच डोंगरात स्वतः मुलांना शिकवतो. चार मुलं पाठवा, राहणं-खाणं माझ्याकडे, म्हणाला. प्राचीची आई तयार होईना. "माही पोरगी हायवेवरच्या जामच्या चौकापलीकडे गेली नाई आजवर." काकाजी म्हणाले, "मी आहो ना संग." या एका वाक्यावर चारही घरं तयार झाली. आणि जायच्या पंधरवडाभर आधी वर्ध्याच्या डॉक्टरांनी काकाजींचं हृदय तपासून सांगितलं, की तेवढ्या उंचीवर जायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकाजी माझ्या दारात उभे.

"जवाई, तुमी जा."

"काकाजी, मला स्कीइंग येत नाही."

"हे पोट्ट्याइले मालूम आहे. त्याइच्या मायबापाले नाई. गप राहाजा."

असा मी, जिल्ह्याबाहेर फक्त नागपूरला जाणारा कारकून, दोन स्वेटर एकावर एक चढवून चार पोरं घेऊन बर्फात उभा राहिलो. पहिल्या दिवशी आमची पोरं इतकी सुरेख पडली की तिथली पोरं पाहायला जमली. पण तिसऱ्या दिवशी, मोठ्या उतारावर, प्राची वरच्या टोकाला गोठून उभी राहिली. खाली येईना, परतही जाईना. वर तिच्याजवळ उभ्या असलेल्या काकाजींच्या त्या विद्यार्थ्याने आपल्या फोनवरून काकाजींना लावून दिलं. ते काय बोलले, ते मला तिने नंतर सांगितलं.

"काकाजी, मले भेव लागून राह्यलं."

"लागू दे. खाली कोण दिसते?"

"भाऊजी. दोन सूटर घालून उभे हायेत."

"बरफाकडे पाहू नको. त्याइच्याकडे पाहाय आन् ये."

ती आली. माझ्याकडे पाहत पाहत, सरळ, सुसाट, माझ्यापर्यंत आली आणि थांबणं विसरली. आम्ही दोघे दहा हात घसरलो. बर्फातून तोंड वर काढून ती जे हसली, तसं त्या पोरीला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर काकाजींनी मला पहिला प्रश्न विचारला, "बरफ कोरडा होता का वलसर?" मी म्हटलं, थंड होता. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं आणि प्राचीला जवळ बसवलं. ती तासभर बोलत होती. ते मान खाली घालून ऐकत होते, मध्येच हलकेच "हाव" म्हणत होते.

यंदा त्यांना टेकडी चढवत नाही. खाली बाभळीजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात. वर प्राची शिकवते. परवा मी गेलो तेव्हा ती लहान पोरांच्या हातांतल्या काठ्या काढून बाजूला ठेवत होती. तिकडे पोरांना आधी काठीशिवायच शिकवतात, म्हणाली. काकाजींनी आयुष्यभर पहिल्या दिवशीच काठी हातात दिली होती. ते खुर्चीतून अर्धे उठले, ओरडायला तोंड उघडलं, आणि पोरांच्या रिकाम्या हातांकडे पाहू लागले.

"सांगू का तिला?" मी विचारलं.

"नोका," ते बसत म्हणाले. "मी आठवून सांगतो. ते पाहून आली."

मग उतारावरून पहिली पोर रिकाम्या हातांनी खाली आली, आणि काकाजींनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.