डेस्कटॉपवरचा शालिकराम

मूल गावच्या बाजारात फ्लेक्स छापणाऱ्या हेमराजला कोणी चूक दाखवलेली खपत नसे. माणूस दहावी नापास, पण मशीनच्या आवाजावरून कोणता रंग अडकलाय ते सांगायचा, आणि सांगताना समोरच्याचं शिक्षण हमखास काढायचा. बारा वर्षांत आसपासच्या गावांतलं लग्न, निवडणूक, मयत, सगळं त्याच्याच हातून छापून गेलं होतं.

त्या सोमवारी संगणकाला मशीन दिसेचना. नागपूरचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, सी ड्राइव्ह पुसा, विंडोज नव्यानं टाका आणि मग मशीनचा ड्रायव्हर टाका. सीमध्ये कामाचं काही नाही ना? हेमराजला रागच आला. त्याचं सगळं काम डेस्कटॉपवर होतं, आणि डेस्कटॉप म्हणजे डोळ्यांसमोरचा पडदा. तो सीमध्ये कशाला असेल? त्यानं बिनधास्त पुसून टाकलं.

दुपारपर्यंत ड्रायव्हर बसला. त्यानं फ्लेक्सची रुंदी भरली, आणि शाईचे चार हात द्यायच्या जागी नेहमीसारखे दोनच ठेवले. शाई वाचते, काम झरझर होतं. चाचणीच्या रेघा अखंड उतरल्या. खुशीत तो चहा सांगणार, तेवढ्यात ताराबाई दारात आली. तिचा नवरा शालिकराम, तलावावर मासे धरणारा, दहा दिवसांपूर्वी तापानं गेला होता. परवा तेरवी होती.

"भाऊ, मच्छीमार सोसायटीत निवडून आले तवा तुमीनंच फोटो काढला होता ना त्यायचा? तोच मोठा करून द्या. आधारवरचा तं मलेच वळखू येत नाई. दुसरा फोटोच नाई आमच्याजवळ."

हेमराज संगणकाकडे वळला. पडद्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र तेवढं होतं. त्यानं इथं उघडून पाहिलं, तिथं उघडून पाहिलं, एकही फोटो नव्हता. त्यानं नागपूरला फोन लावला.

"डेस्कटॉप सीमध्येच राह्यते, भाऊ," मेकॅनिक हळूच म्हणाला. "वरून नवं विंडोज टाकलं. आता कठीण हाये."

बारा वर्षांची माणसं त्यानं स्वतःच्या बोटानं पुसली होती. "बाई, माह्याच हातानं पुसल्या गेला फोटो," तो कसाबसा म्हणाला.

ताराबाई रडली नाही. "तवा तुमीनं छापला तो फ्लेक्स हाये घरी," ती म्हणाली. "धान वाळवतो त्याच्यावर."

तिला गाडीवर मागे बसवून तो तसाच निघाला. अंगणात फ्लेक्सवर पसरलेलं धान दोघांनी हातांनी बाजूला सारलं. 'हार्दिक अभिनंदन' वाचता येत होतं, नावही येत होतं. चेहऱ्याच्या जागी मात्र पांढरा डाग होता. अक्षरं गडद म्हणून टिकली, फिका चेहरा दोन वर्षांच्या उन्हानं खाल्ला होता. शाईचे चार हात दिले असते तर निदान डोळे तरी उरले असते, हे हेमराजला कळत होतं.

ताराबाईनं त्या डागावर हात ठेवला.

"डोळे मिटले का आजारातलाच चेहरा दिसते मले," ती म्हणाली. "तुमीनंच तं इथी बसवला होता हा फोटो. तवा कसे हासत होते, सांगा ना, भाऊ."

हेमराजनं खूप आठवून पाहिलं. त्याला फोटोच्या चौकटीचं माप तेवढं आठवलं.