पायवाले आबा

देश सोडून जाण्याचा कागद घेऊन साहेब आला, तेव्हा आबांच्या मांडीवर जिजाचा पाय होता. साहेबाच्या मागे जिजाचा मुलगाच उभा होता, आमच्या गावचा खतवाला. तक्रार त्यानेच केली होती. आबांनी मान वर केली नाही. "पट्टी बांधून होऊ द्या, मग वाचतो," म्हणाले. खतवाला आईवर खेकसला, "ऊठ, घर चाल!" जिजा हलली नाही. "पाय मना शे, तुना नही," म्हणाली. मी शेजारी बसून पट्ट्या गुंडाळत होते. पाण्याचं घमेलं उचलून त्याच्या डोक्यात घालावं असं मला वाटलं. अजून वाटतं.

आबा आणि त्यांची बायको मडमअक्का समुद्रापलीकडच्या थंड मुलखातले, मिशनचे लोक. धुळे-जळगावच्या मधे आमचं गाव, तिथे सोळा वर्षं भाड्याच्या पत्र्याच्या घरात राहिले. काम एकच, पाय. आमच्यात कोणाला महारोग होऊन बरा झालेला, कोणाला साखरेचा आजार. दोन्हींत पाय बधिर होतो, खिळा रुतला तरी कळत नाही. म्हणून आबा रोज सकाळी ओसरीवर आमचे पाय घमेल्यात भिजवायला लावत आणि एकेक तळवा मांडीवर घेऊन बोटाने चाचपत. गावाने नावच ठेवलं, पायवाले आबा. पहिल्या दिवशी मी पाय ओढून घेतला. वडीलधाऱ्या माणसाने माझ्या पायाला हात लावायचा, बरं दिसतं का ते? "मग तू माझ्या डोक्यावर हात ठेव. फिटलं," म्हणाले. ठेवला. करते काय!

मडमअक्का कळण्याची भाकरी थापायला शिकली, पण सोळा वर्षांत तिची एक भाकरी गोल झाली नाही. ठेचा खाताना नाकाडोळ्यांतून पाणी गळायचं, तरी पुन्हा मागायची. सगळे आले का हे बघायला सकाळी दारातून आमच्याच बोलीत ओरडायची, "बठ्ठा उनात का?" एखादा आला नसला की स्कूटर काढून थेट त्याच्या घरी. आबा रबराच्या मऊ चपला करून द्यायचे. त्या न घालता कोणी अनवाणी आलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "चपला काय देव्हाऱ्यात ठेवायला केल्या?" हे ती आमच्याकडूनच शिकली होती.

खतवाल्याला धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. आजी महारोग्यांच्या ओळीत बसते म्हणून सावद्याचं स्थळ परत गेलं. जिजाला साखर होती, महारोग नव्हता. पण लोकांना हे समजावण्यापेक्षा ओसरी बंद पाडणं त्याला सोपं वाटलं. हे लोक गाव बाटवतात, असं त्याने लिहून दिलं. मी आबांच्या घरात अकरा वर्षं काम केलं. सकाळी माझी बुद्धवंदना चालू असली, तर आबा ती संपेपर्यंत थांबायचे. कोण बाटलं? एक माणूस दाखवा.

कागद यायच्या आधी चौकशी झाली, तेव्हा साहेबाने विचारलं, "लोकांशी येशूबद्दल बोलता का?" मी दारामागून मान हलवत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. आबा म्हणाले, "कोणी विचारलं तर सांगतो. हिने विचारलं होतं." आणि माझ्याकडे बोट! साहेबाने तेवढंच लिहून घेतलं. त्यांना इथे राहायची परवानगी फक्त दवाखान्याच्या कामापुरती होती. नंतर मी आबांना सोडलं नाही. "एक 'नाही' म्हणताना जीभ झडत होती का तुमची?"

"अगं, आज त्याला खोटं सांगितलं, तर उद्या तुझी जखम बरी आहे म्हटल्यावर तू खरं मानशील का?"

"मानलं असतं," मी म्हटलं.

असल्या खरेपणाचा मला आजही राग येतो. जखम त्यांच्या पायाला नव्हती.

कागद आल्यावर निघायला दहा दिवस मिळाले. माझी बोटं आखडलेली, चिमटा धरता येत नाही. आबांनी चपलेच्या रबराची जाड मूठ करून चिमट्याला बसवली. मडमअक्काने मला पट्टी करायला शिकवलं. चुकले की हातावर चापट. निघताना कोणी रडायचं नाही असं आम्हाला बजावलं आणि स्वतः गाडीत बसून हमसाहमशी रडली. आबांनी काच खाली करून एवढंच सांगितलं, "जिजाचा पाय रोज बघ. आत पू आहे."

दुसऱ्या दिवशी जिजा आली नाही. मी पट्ट्या घेऊन तिच्या दारात गेले. खतवाला उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"आधी स्वतःचे हात बघ," म्हणाला.

"मग तू कर पट्टी. नाहीतर धुळ्याला घेऊन जा."

"आमचं आम्ही बघू."

तीन वेळा गेले. आतून जिजा मला हाका मारत होती, मला ऐकू येत होत्या, त्यालाही येत होत्या. त्याने तिला धुळ्याला नेलं, पण पाय गुडघ्यापर्यंत काळा पडल्यावर.

बाकीच्यांच्या पट्ट्या मी केल्या, माझीही मीच. ओसरीवर पाय दाखवायला आम्ही नऊ जण बसायचो. आठ जिवंत आहोत.