करवतीवरचं झाकण

वखारीतल्या यंत्रकरवतीने सुताराची दोन बोटं नेली आणि उपदेश करायला सगळं गणगोत लोटलं. सर्वांत पुढे मेहुणा. या गृहस्थाने जन्मात खिळा ठोकला नव्हता, पण जीभ रंध्यासारखी चालायची.

"भावोजी, दुःखातही काही अर्थ असतो बरं का!"

"असतो ना! काम लवकर उरकावं म्हणून शेठने पात्यावरचं झाकण काढून ठेवलं, हा अर्थ. चहा प्या आणि सुटा!"

पट्टी सुटली त्याच सकाळी सुतार वखारीत गेला. अडगळीतून त्याने ते लोखंडी झाकण उपसलं आणि करवत सुरू व्हायच्या आत तिच्याच टेबलावर फतकल मारून बसला.

"उतर खाली! काम खोळंबलंय," शेठ कडाडला.

"आधी हे बसवा. माझी बोटं गेली ती गेली. बाकीच्यांची तरी राहू देत."

त्याच्या जागी नेमलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने स्वतःच्या दहा बोटांकडे पाहिलं आणि तोही शेजारी चढून बसला. मग एकेक करत सगळ्यांनीच हातातलं काम टाकलं.

दुपारपर्यंत शेठने शिव्यांची पोतडी रिकामी केली. शेवटी पाना घेऊन स्वतःच वाकला.

"अजून आवळा," सुतार गुरगुरला. "हलतंय ते."